करंडा, कंपासपेटी आणि एक हजार पंचवीस वाइप्स

२ जून २०२४, रविवार

यंदा गुरू-शुक्राच्या अस्तामुळे मे-जूनमध्ये मुहूर्त जवळजवळ नाहीतच. हाताला काम नाही, म्हणून दोन वर्षं मनात घोळणारा उद्योग काढला: माझ्या ब्रायडल किटमधलं प्लास्टिक कमी करायचं. मी नवरीचा मेकअप करते. लालबागला राहते, गिरगाव ते मुलुंड लग्नं करते. किट खांद्यावर आणि प्रवास लोकलने. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, म्हणजे हातात पाच महिने आहेत. हेच काम करणाऱ्या बऱ्याच मुली विचारत असतात, म्हणून तारीखवार लिहून ठेवतेय. चुका आणि पैशांसकट.

डिसेंबर ते एप्रिल २३ नवऱ्या केल्या. त्या काळातली सगळी रिकामी भांडी (ट्यूब, बाटल्या, कॉम्पॅक्ट, मस्काराच्या नळ्या) एका पिशवीत साठवली होती. आज ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. १ किलो १४० ग्रॅम.

मेकअप पुसायच्या ओल्या वाइप्सची रिकामी पाकिटंही ठेवली होती, ४१ भरली. एका पाकिटात २५, म्हणजे १,०२५ वाइप्स. वापरलेले वाइप्स अर्थातच कचऱ्यात गेलेत, म्हणून नव्या पाकिटातले दहा दोरीवर वाळवले आणि वजन केलं: १६ ग्रॅम. गुणाकार केला तर १ किलो ६४० ग्रॅम. मी दोन वर्षं लिपस्टिकच्या नळ्यांकडे डोळे वटारून बघत होते आणि खरा ऐवज या ओल्या रुमालांत होता.

वाइप कापडाचा की प्लास्टिकचा, हे पाहायला एक वाळका वाइप चिमट्यात धरून गॅसवर जाळला. काही भाग कागदासारखा जळून राख झाला, उरलेला आक्रसून काळा, कडक मणी झाला. मणी होतो ते प्लास्टिक, बहुतेक पॉलिएस्टर. घरात कुणी करून पाहणार असेल तर खिडकी उघडी ठेवा, वास घाण येतो.

९ जून, रविवार

पहिली मोठी चूक. वाइप्स मुख्य आहेत हे कळूनही आठवडाभर ‘इको’ लिहिलेलं सामानच शोधत बसले आणि ऑनलाइन पाच वस्तू मागवल्या. बांबूचा कॉम्पॅक्ट, कागदी नळीतला लिप टिंट, पत्र्याच्या डबीतला ब्लश, काचेच्या बाटलीतलं फाउंडेशन, बांबूच्या दांड्यांचे ब्रश. एकूण ३,४६० रुपये.

तीन वेगवेगळी कुरियर आली. एका खोक्यात दुसरं खोकं, त्यात फुगेवालं प्लास्टिक, त्यात वस्तू, वस्तूवर परत चिकट पारदर्शक वेष्टण. बांबूचा कॉम्पॅक्ट उघडला तर बांबू म्हणजे नुसतं वरचं आवरण. आत पावडरचं पॅन (दाबलेल्या पावडरची पातळ धातूची ताटली) बसवलेली वाटी काळ्या प्लास्टिकची आणि बिजागरीही प्लास्टिकचीच. काचेच्या बाटलीचा पंप प्लास्टिकचा, त्यात धातूची स्प्रिंग. म्हणजे बाटली धुऊन वेगळी टाकता येईल, पण पंप कुठेच जाणार नाही.

मला सगळ्यात झोंबलं ते हे की घरात चार फाउंडेशन अर्धी भरलेली पडली होती. प्लास्टिक कमी करायला निघाले आणि पाचवं विकत घेतलं. आजपासून नियम: एक संपल्याशिवाय दुसरं नाही.

१५ जून, शनिवार

जूनच्या रिकाम्या भांड्यांची पिशवी घेऊन खालच्या भंगारवाल्याकडे गेले. त्याने एक एक वस्तू उचलून दोन ढीग केले. शाम्पूची आणि टोनरची बाटली घेतली. लिपस्टिकची नळी पिळून बघितली, आतला फिरता भाग बाहेर काढला आणि परत माझ्या हातात दिली. “मॅडम, इसमें तीन टाइप का माल है. अलग कौन करेगा?”

बरोबर होतं त्याचं. घरी येऊन एक नळी पक्कडीने फोडली. बाहेरचं कवच एक, आतली फिरकी दुसरी, आणि तळाशी वजन यावं म्हणून घातलेला लोखंडी तुकडा. हातात घेतल्यावर ‘महाग’ वाटावी म्हणून हा तुकडा. नळीवर खाली त्रिकोणातला आकडाही नव्हता. बाटल्यांवर १ (पीईटी) किंवा ५ (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर भंगारवाला निदान बघतो. ७ असेल किंवा काहीच नसेल तर पालिकेच्या सुक्या कचऱ्यात टाका आणि पुढचं देवावर सोडा. मस्काराच्या नळ्या, लॅश ग्लूच्या ट्यूबा, कन्सीलरच्या कांड्या, सगळ्या याच वर्गातल्या.

यातून खरेदीची एक गोष्ट पक्की झाली: यापुढे नुसती पॅन घ्यायची, डबीशिवाय. आयशॅडो आणि ब्लशची सुटी रिफिल पॅन मिळतात, मुंबईतही. आयशॅडोचं नेहमीचं माप २६ मिलिमीटर.

२३ जून, रविवार

सहा आयशॅडो आणि दोन ब्लश जुन्या पॅलेटमधून बाहेर काढायचं ठरवलं. पद्धत अशी: पॅलेटच्या तळाला केस सरळ करायच्या मशीनची ऊब द्यायची, आतला गोंद सैल झाला की पातळ सुरीने पॅन खालून उचलायचं.

पहिली दोन घाईत गेली. गोंद नीट सुटायच्या आधीच सुरी घातली, पॅन वाकलं आणि पावडरच्या ठिकऱ्या उडाल्या. माझा लाडका तांबूस रंग ओट्यावर सांडला. एक वाचवला: चुरा बारीक करून त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब घातले, लेपासारखं झाल्यावर पॅनमध्ये भरलं, वर सुती कापड ठेवून रुपयाच्या नाण्याने दाबलं आणि रात्रभर वाळू दिलं. रंग तोच राहिला, पण पोत थोडा कडक झाला. ब्रशवर कमी येतो. दुसरा गेलाच. पुढच्या सहांना प्रत्येकी दोन-अडीच मिनिटं ऊब दिली, सगळी अखंड निघाली.

आता ठेवायची कशात? चुंबकाच्या पॅलेट मिळतात, पण त्याही प्लास्टिकच्या. म्हटलं, घरात स्टीलचे डबे काय कमी आहेत! तळाला चुंबक लावायला गेले तर तो सरळ घसरून खाली. घरातल्या बहुतेक चांगल्या स्टीलला चुंबक चिकटतच नाही, हे मला चाळीसाव्या वर्षी कळलं. शिवाय पॅन ॲल्युमिनियमची, त्यांनाही चिकटत नाही. अर्धा दिवस यात गेला.

सुटका केली भाच्याच्या कंपासपेटीने. जुनी पत्र्याची पेटी, पृथ्वीचा गोल छापलेली. तिला चुंबक टचकन बसतो. मग स्टेशनरीच्या दुकानातून ७० रुपयांना नवी पेटी आणि १८० रुपयांची छोटी चपटी चुंबकं आणली. प्रत्येक पॅनच्या बुडाला एक चुंबक गोंदाने चिकटवला. उरलेले सातही रंग पेटीत बसले, वर एक अँगल्ड ब्रशही मावला. सासूबाई म्हणाल्या, “नवरीला भूमिती शिकवणार का आता?”

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस. मध्य रेल्वे ठप्प. ठाण्याची ट्रायल (लग्नाआधी एकदा करून दाखवायचा मेकअप) रद्द, म्हणून घरात किट उघडून बसले. बघते तो बांबूच्या ब्रशांच्या दांड्यांवर हिरवट-पांढरी बुरशी. तीन आठवड्यांपूर्वी धुऊन पेल्यात उभे ठेवले होते. पाणी दांड्यात उतरलं, केसांच्या मुळाशी गोंद सुटला, एका ब्रशची टोपी गोल फिरायला लागली.

ब्लशच्या पत्र्याच्या डबीच्या झाकणाला कडेने गंज. तो गंज पावडरमध्ये पडला असता तर नवरीच्या गालावर गेला असता. डबी बाद, पावडर सुट्या पॅनमध्ये दाबून भरली.

माझे जुने ब्रश, काळ्या प्लास्टिकच्या दांड्यांचे, नऊ वर्षांपूर्वीचे, अजून ठणठणीत आहेत. ते टाकून बांबूचे घेणं हा शुद्ध वेडेपणा होता. ज्यांच्याकडे चालणारे प्लास्टिकचे ब्रश आहेत त्यांनी ते झिजेपर्यंत वापरा. आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लाकडी दांड्याचा कुठलाही ब्रश धुतला तर उभा ठेवू नका. आडवा, कडेच्या बाहेर केस काढून, पंख्याखाली.

१४ जुलै, रविवार

वाइप्सला पर्याय: खोबरेल लावून सुती कापडाने पुसणं. दोन सुती पंचे आणले, १६० रुपयांना एक. दोनदा धुऊन खळ काढली, तळहाताएवढे चौकोन कापले आणि कडेने शिवण मारली. ६४ झाले. एका नवरीला साधारण आठ लागतात: आधीचा मेकअप काढायला तीन, चुकलेलं पुसायला दोन, माझ्या हातांना एक, वेळेला दोन.

पंच्याचं कापड रुमालापेक्षा विरळ विणलेलं असल्यामुळे तेल पटकन पितं आणि पापण्यांवर ओढ देत नाही. जुन्या टीशर्टचे चौकोनही करून पाहिले, ते नुसतं तेल पसरवतात.

२१ जुलै, रविवार

पंच्याच्या चौकोनांनी आठवड्यात घाम काढला. एक, सगळे एकत्र उकळले. काजळाचे आणि फाउंडेशनचे एकाच पातेल्यात. ६४ पैकी ६४ राखाडी. कुठल्या नवरीसमोर हे काढणार? आता दोन थैल्या आहेत: डोळ्यांसाठी गडद दोऱ्याने शिवलेले, चेहऱ्यासाठी पांढऱ्या.

दोन, वाळत नाहीत. जुलैत दोरीवर दोन दिवस टांगले तरी दमट, आणि तिसऱ्या दिवशी आंबूस वास. तो वास तेलाचा. नुसत्या साबणाने खोबरेल निघत नाही. आता असं करते: कामावरून आल्यावर लगेच गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजत, सकाळी साबणाने चोळून दहा मिनिटं उकळ, पिळून पंख्याखाली, आणि शेवटी कडक इस्त्री. इस्त्रीने वास गेला. वेळ आठवड्याला दीड तास. हा वेळ कुणी मोजत नाही. मी मोजतेय.

तीन, खोबरेल. वॉटरप्रूफ मस्कारा खोबरेलाने लोण्यासारखा निघतो, म्हणून ट्रायलला सगळ्यांना तेच वापरलं. चेंबूरच्या एका मुलीच्या गालावर चार दिवसांनी पुळ्या आल्या. तिची त्वचा मुळातच तेलकट होती, खोबरेल छिद्रं बुजवतं, हे मला माहीत असायला हवं होतं. तिला ट्रायलचे पैसे परत केले. आता अशा त्वचेला डोळ्यांपुरतंच तेल, बाकी चेहऱ्याला तिचा नेहमीचा फेसवॉश.

२८ जुलै, रविवार

घरगुती काजळ करून पाहिलं. एरंडेलाचा दिवा, वर उपडी तांब्याची ताटली, एक तास. काजळी निघाली पाव चमचा. तुपात खलली, डोळ्यात घातली, अर्ध्या तासात डोळ्याखाली पसरली आणि बारीक कण टोचले. विषय बंद. काजळी म्हणजे शेवटी धुरातला कार्बन आहे, तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यात घालायची माझी हिंमत नाही. शिवाय सौंदर्यप्रसाधनं बनवून विकायला १९४० च्या औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली परवाना लागतो. ‘होममेड ऑरगॅनिक’ म्हणून मैत्रिणींना विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

६ ऑगस्ट, मंगळवार

श्रावणातला पहिला मंगळवार, गिरगावात मंगळागौर. सात जणींना तयार केलं, सगळ्यांना चंद्रकोर हवी. मी टिकल्यांची पाकिटं काढली: मागे पुठ्ठा, वर प्लास्टिकचं पापुद्र्याचं पाकीट, आत मखमली टिकली, मागे गोंद. सात चंद्रकोरी, सात पाकिटं, कारण प्रत्येक नऊवारीचा रंग वेगळा.

कोपऱ्यात बसलेल्या आजी बघत होत्या. त्यांच्या कपाळावर भुवयांच्या मध्ये बरोबर टिकलीएवढा पांढरा डाग आहे. मी बघतेय हे त्यांना कळलं. “टिकलीने दिलंय ते, वीस वर्षं लावली. डॉक्टरांनी बंद करायला लावली तेव्हा आईचा करंडा काढला. तू मेण लाव की गं त्यांना. मेण लावायचं, वर कुंकू. टिकली कशाला चिकटवतेस?”

घरी येऊन वाचलं. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल हे रसायन असलं तर काहींच्या त्वचेचा रंग तेवढ्या जागी कायमचा जाऊ शकतो. त्वचारोगाच्या डॉक्टरांना ही तक्रार जुनी आहे. म्हणजे मी प्लास्टिकला पर्याय शोधत ऑनलाइन फिरत होते आणि ज्या वस्तूला ना पाकीट, ना गोंद, ती आमच्याच देवघरात पडली होती. सासूबाईंकडे पितळी करंडा आहे: खाली कुंकवाचं खण, वर मेणाची छोटी डबी. मेण सुकून काळं झालेलं.

११ ऑगस्ट, रविवार

चिंचपोकळीहून मस्जिद, तिथून चालत तांबाकाटा. पितळी करंडा ६५० रुपये. तिथेच तांब्याच्या पातळ पत्र्याची पट्टी ९० रुपयांना. मग भुलेश्वरला कुंकू. चार दुकानांतून चार नमुने, सगळे मिळून २१० रुपये. मधमाशीचं मेण १०० ग्रॅम, १४० रुपये.

घरी चारही कुंकवांची परीक्षा. आईने लहानपणी दाखवलेली: हळदीला चुना लावला की लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी. म्हणून प्रत्येक नमुन्याची चिमूट बशीत ठेवून लिंबाचा थेंब टाकला. एक पिवळं झालं. तीन लालच राहिली. मी तीन बाद केली आणि एक जिंकलं म्हणून खूश.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, “टाकणखाराचं असलं तर?” जुन्या पद्धतीत हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात (बोरॅक्समध्ये) मुरवून कुंकू करतात. ते तर आंबटातच लाल झालेलं, लिंबाने पिवळं कशाला होईल? म्हणजे माझी परीक्षा अर्धीच होती. मग दुसरी केली: चिमूटभर कुंकू पाण्यात टाकलं आणि पांढऱ्या पंच्याच्या तुकड्यावर ओतलं. दोन नमुन्यांनी क्षणात सरबतासारखं गुलाबी पाणी सोडलं आणि कापडावरचा डाग तीन धुण्यांत गेला नाही. ते रंगाचे, बाद. तिसऱ्याचं पाणी फिकट राहिलं, तळाला गाळ बसला. दुकानदाराने ते केमचं म्हणून दिलं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या केमला कुंकवाचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ते ठेवलं.

१८ ऑगस्ट, रविवार

मेणाचे प्रयोग, स्वतःच्या कपाळावर. नुसतं मेण बोटाच्या उबेने मऊ होता होईना (ते वितळतं ६२ अंशांच्या पुढे), जोर लावून घासलं तर कपाळच लाल. एक भाग मेण, चार भाग खोबरेल: छान लागलं, आणि पंख्याखालून उठून चौथ्या मजल्यावरून खाली जाऊन येईपर्यंत चंद्रकोर भुवईवर उतरली. एकास दोन: दोन तास टिकलं. एकास एक: जरा चिकट, बोटाने थापावं लागतं, पण चार तास हललं नाही.

आकार हा दुसरा त्रास. बोटाने चंद्रकोर काढणाऱ्या बायका होत्या, मी त्यातली नाही. तांब्याच्या पट्टीतून कात्रीने कोर कापली, कडा कानसने घासल्या. पहिल्या कोरीची कड नीट घासली नव्हती, अंगठा कापला. आता पद्धत बसली: साचा कपाळावर धरायचा, कोरड्या ब्रशने कोरीत मेण थापायचं, त्यावर सपाट ब्रशने कुंकू दाबायचं. झटकायचं नाही, दाबायचं. साचा सरळ वर उचलायचा, आणि जादा कुंकू स्वच्छ पंखाब्रशने खालून वर उडवायचं. वरून खाली उडवलं की नाकावर लाल रेघ येते आणि बेस परत करावा लागतो. दोनदा केला.

चुन्याचं कुंकू पाचव्या तासाला घामाने विटकरी-पिवळट दिसायला लागलं. लिंबाने जे बशीत झालं तेच कपाळावर. लिंबाच्या परीक्षेत पहिलं आलेलं कुंकू असं नापास झालं. केमचं लाल राहिलं.

काजळाच्या प्रयोगानंतर ठरवलं होतं, गिऱ्हाइकावर घरी केलेलं काही लावणार नाही. मेण-तेल हा एकच अपवाद, तोही कपाळापुरता. ट्रायलच्या दिवशी मनगटाच्या आत मेण आणि कुंकू लावून पाठवते, दुसऱ्या दिवशी खाज-लाली नाही असा निरोप आला तरच. कुंकवाचीही ॲलर्जी असते, नैसर्गिक असलं तरी.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. लालबागमध्ये पुढचे दहा दिवस घराबाहेर पडणंच कामाचं आहे. प्रकल्पाला सुट्टी.

५ ऑक्टोबर, शनिवार

नवरात्र, गरब्याची कामं. दोन धडे.

कागदी नळीतला लिप टिंट ऑक्टोबरच्या उन्हात गेला. दुपारच्या लोकलमध्ये किट मांडीवर होतं, अंधेरीला उघडलं तर नळीचा बुडखा तेलकट, कागद आतून भिजलेला आणि टिंट तळाला बसलेला. शेजारच्या पंच्यांच्या थैलीलाही रंग. खोबरेल २४ अंशांनाच वितळतं, असल्या बामात मेण कमी असलं तर मुंबईत तो पातळ होणारच. कागदी नळीतलं काही घेणार असाल तर घटकांत मेणाचं नाव वरच्या तीन-चारांत आहे का बघा.

दुसरा, ग्लिटर. गरब्याच्या मुलींना डोळ्यांवर चमचम हवीच. साधं ग्लिटर म्हणजे पीईटीची फिल्म, वर ॲल्युमिनियमचा थर, बारीक कापलेली. पुसलं की थेट गटारात, तिथून समुद्रात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून हस्तकला-सजावटीच्या सुट्या प्लास्टिक ग्लिटरची विक्री बंद केली, मेकअपमधल्या ग्लिटरला मात्र पुढची मुदत दिली. मी अभ्रकाची पावडर वापरली. चमक आहे, लखलखाट नाही. एकीने आरशात बघून विचारलं, “ताई, हे चालू आहे ना?” शिवाय अभ्रकाचं स्वतःचं दुखणं आहे: झारखंडच्या खाणींत मुलांना राबवल्याच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि माझ्या डबीतलं कुठून आलं हे डबी सांगत नाही. हा प्रश्न माझ्याच्याने सुटलेला नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सीझनची पहिली नवरी, दादरला, मेणाच्या चंद्रकोरीसह. सकाळी सहाला बसवली. करंडा उघडला तेव्हा खोलीतल्या बायका एकदम गोळा झाल्या. नवरीच्या आईने तो हातात घेऊन वास घेतला. नवरीच्या मावशीला मात्र पटलं नाही: “खड्याची आणली असतीस तर फोटोत उठून दिसली असती.”

मुहूर्त ९ वाजून काही मिनिटांचा होता. अंतरपाट, मुंडावळ्या, अक्षता, सगळं व्यवस्थित. फजिती झाली नमस्कारांत. नवरी वाकून वाकून पाया पडत होती, सासऱ्यांनी कौतुकाने तिचं डोकं खांद्याशी घेतलं आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र कुडत्यावर अर्धी चंद्रकोर. हॉलमध्ये हशा. मी पाच मिनिटांत साचा धरून परत काढली. टिकली असती तर निसटली असती, पण कुडत्यावर छापली नसती. तेव्हापासून साचा आणि मेण किटमध्ये न ठेवता माझ्या कमरेच्या बटव्यात. कुडत्यावरचा डाग सोड्याने निघेल असं सांगून आले. निघाला, रात्री मेसेज आला.

दुपारी दोनला चंद्रकोर कडेने थोडी विरली होती, रंग जागेवर. बेस पुसायला वाइप्स वापरले शून्य. पंच्याचे चौकोन नऊ.

२४ नोव्हेंबर, रविवार

हिशेब. ऑनलाइन खरेदी ३,४६० (त्यातली आज वापरात आहे ती फक्त ब्लशची पावडर). पंचे, पेटी, चुंबकं, करंडा, पत्रा, मेण, कुंकू मिळून १,६६०. एकूण ५,१२०, ट्रायलचे परत केलेले पैसे वेगळे. समोर वाचतात ते वाइप्सचे: पाकीट ९० रुपये धरलं तर मागच्या सीझनचे ३,६९०. माझे धुण्याचे तास यात नाहीत.

जे जमलं नाही तेही लिहिते. मस्काराच्या एकदा वापरून टाकायच्या कांड्या तशाच आहेत, नवरीमागे दोन. एकीच्या डोळ्याची कांडी दुसरीला लावणार नाही. प्लास्टिक वाचवायला डोळे आणणं परवडत नाही. तीन नवऱ्यांना स्वतःचा मस्कारा आणायला सांगितलं, एकीने आणला. लॅश ग्लूची ट्यूब प्लास्टिकची, पर्याय सापडला नाही. अर्ध्या भरलेल्या चार फाउंडेशनांपैकी दोन संपली, पाचवं अजून सीलबंद आहे.

परवा मुलुंडच्या नवरीची ट्रायल. तिने आधीच सांगून ठेवलंय, टिकली खड्याचीच हवी. तिची तिने आणावी म्हटलंय. करंडा तरी घेऊन जातेच आहे, तिच्या आजी घरी असतात म्हणाली.